अंगारा लगेजमध्ये धरत नाहीत

विमानतळावर 'गन' हा शब्द मोठ्याने उच्चारायचा नाही, हे आम्हाला ट्रेनिंगच्या पहिल्याच दिवशी बजावलं होतं. 'फायरआर्म' म्हणायचं, आणि तेही आमच्याकडे बायका 'अडचण आहे' म्हणतात तितक्या हळू. रांगेत कुणी 'गन' ऐकलं की पळापळ, आणि पळापळ झाली की नोकरी गेलीच समजा. मी शहाण्यासारखी मान डोलावली. मला काय माहीत की तोच शब्द एक दिवस माझ्याच तोंडून अख्ख्या टर्मिनलला ऐकू जाणार आहे, आणि तोही आमच्या बाबांच्या कृपेने!

मी तेव्हा मेलबर्नला अकाउंटिंगचं मास्टर्स करत होते. ती वर्षं विद्यार्थ्यांच्या पुराची. पुण्या-मुंबईतून, पंजाबातून, हैदराबादकडून पोरं थव्याथव्याने उतरत होती. अर्धी अकाउंटिंगला, अर्धी कुकरीला. ज्यांना घरी चहा उतू न घालवता करता येत नव्हता, तेही शेफ व्हायला निघालेले. आठवड्याला वीस तास काम करायची मुभा होती. कुणी पेट्रोल पंपावर, कुणी टॅक्सीवर, मला चेक-इन काउंटर मिळाला. आईने गावभर सांगून टाकलं की पोरगी विमानात आहे. बाबांनी लगेच दुरुस्ती केली, "विमानात नाही. लगेज बुकिंगला." बाबा एसटीत कंडक्टर म्हणून रिटायर झालेले. कोकणातल्या घाटांतून त्यांनी माणसांपेक्षा बोचकीच जास्त वाहिली असं आई म्हणते. पोरगी आपलीच गादी चालवतेय हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं होतं, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडायचं.

बंदुका घेऊन येणारे बहुतेक न्यूझीलंडला जाणारे. तिकडे हरणं, रानडुकरं, डोंगरातले बकरे मारायला ही मंडळी तिथल्या शरद ऋतूत, एप्रिलच्या सुमारास, झुंडीने जात. नियम असे: बंदूक कडक पेटीत, पेटीला कुलूप, बोल्ट, म्हणजे गोळी आत सारणारा खटका, काढून वेगळा. काडतुसं त्यांच्या मूळ खोक्यात, ती खोकी दुसऱ्या कुलपाच्या डब्यात, सगळं मिळून पाच किलोच्या आत. इथला परवाना, तिकडच्या पोलिसांचा परवाना, शिवाय विमान कंपनीची आधी घेतलेली परवानगी. हे सगळं गोळा करून आलेला दांडगा शिकारी काउंटरवर इतका नम्र असतो की मुलगी बघायला आलेला मुलगासुद्धा तेवढा नसेल.

राहायचे मी मेलबर्नच्या कडेला वेरिबीला, एका म्हाताऱ्याच्या घरातल्या मागच्या खोलीत. त्याचा फ्लॉवर आणि ब्रोकोलीचा मळा होता. मळा मुलाला सोपवून तो आता दिवसभर मुलाच्या चुका काढत हिंडायचा. बायको गेलेली. तोंडाने फटकळ, मनाने लोणी. माझ्या फोडणीचा वास गेला की स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा, "इज इट रेडी, लव्ह?" गॅरेजमध्ये त्याचं बंदुकीचं लोखंडी कपाट होतं. दर शरदात तो रायफल घेऊन न्यूझीलंडला थोरल्या भावाकडे जायचा. दोघं तरुण असल्यापासून एकाच टेकडीवर शिकारीला जात आलेले.

माझ्या ग्रॅज्युएशनला बाबा आले. आई आली नाही, म्हशीला कुणावर टाकून येणार? पण तिने माझ्यासाठी गावच्या देवीचा अंगारा पुडीत बांधून दिला होता. बाबांनी एअरपोर्टवर तो इमानदारीने डिक्लेअर केला. ऑफिसरने विचारलं, "व्हॉट्स दिस, सर?" बाबा म्हणाले, "ॲश. मदर गॉड ॲश." त्या बिचाऱ्याला 'मदर' आणि 'ॲश' एवढंच ऐकू आलं. त्याने पुडी दोन्ही हातांनी परत दिली आणि म्हणाला, "आय ॲम सो सॉरी फॉर युअर लॉस." बाबा म्हणाले, "थँक्यू, थँक्यू." आणि आई तिकडे धडधाकट, पायरीवर बसून तांदूळ पाखडत होती!

बाबांनी म्हाताऱ्याला पहिल्याच दिवशी 'दादा' म्हटलं. वयाने मोठा, मग दुसरं काय म्हणणार? त्याला वाटलं दादा म्हणजे त्यांचं 'मेट', दोस्त, म्हणून तोही बाबांना 'डाडा' म्हणायला लागला. मग मीही त्याला दादाच म्हणू लागले. दोघं दादा-डाडा करत मळ्याच्या कडेने फिरायचे. एक इंग्रजीत बोलायचा, एक मराठीत, मध्ये हातवारे. संध्याकाळी मी विचारलं की दोघंही आपापल्या परीने सगळं सांगायचे, आणि गंमत म्हणजे ते बऱ्यापैकी जुळायचं.

दादाने लोखंडी कपाट उघडून रायफल दाखवली तेव्हा बाबांचे डोळे लकाकले. आमच्या घरीही पिकाच्या राखणीची बंदूक आहे, आजोबांच्या वेळची, ठासणीची. निवडणूक लागली की ती पोलीस स्टेशनात जमा करावी लागते. "गेली बाई माहेरी," असं आई म्हणते. डुकरं भातात शिरली की बाबा आकाशाकडे एक बार काढतात. डुकरं हलत नाहीत, शेजारी मात्र उठतात. दादाने बोल्ट काढून दाखवला तर बाबांना विश्वासच बसेना. "एवढा एक बोल्ट काढला की मेली बंदूक?"

मी विमानाचे नियम सांगितले तेव्हा ते हसायलाच लागले. "ह्यात नवीन काय आहे गो? आमच्या गाडीत कोण बंदूक घेऊन चढला की मी त्याला मागच्या बाकावर बसवायचो आणि काडतुसं घेऊन माझ्या तिकिटाच्या पेटीत टाकायचो. त्याचा स्टॉप आला की परत. बंदूक त्याच्याकडे, दारू माझ्याकडे. करशील काय मग?" दारू म्हणजे बंदुकीची दारू, हे मला कळलं, कारण मी त्यांची मुलगी. ज्याला कळलं नाही त्याने पुढे काय गोंधळ घातला ते येईलच.

मग एका सकाळी न्यूझीलंडहून फोन आला. भावाचा कॅन्सर पसरला होता, डॉक्टरांनी हात टेकले होते. भाऊ स्वतःच बोलला. म्हणाला, "रायफल घेऊन ये. एकदा टेकडीवर जाऊ." दादाने फोन ठेवला आणि गॅरेजमध्ये जाऊन बसला. बाबा न विचारता त्याच्या शेजारी एक पत्र्याचा डबा उलटा करून बसले.

कागदांसाठी मी जिवाचं रान केलं. ओळखीपाळखी, विनंत्या, जे येत होतं ते सगळं केलं, आणि एका विमानाची परवानगी मिळाली. ते चुकलं तर बंदुकीचे कागद पहिल्यापासून, आणि भावाकडे तेवढे दिवस आहेत की नाहीत हे कुणीच सांगत नव्हतं. "बंदूक ठेवून असाच जा ना," मी एकदा म्हणून बघितलं. दादाने माझ्याकडे असं पाहिलं की मी जीभ चावली. भाऊ रायफल घेऊन ये म्हणाला होता. रिकाम्या हाताने जाणं म्हणजे तू आता टेकडीवर जाणार नाहीस, हे त्याला तोंडावर सांगणं.

आदल्या दिवशी दादा अंगणात बसून शिकारीचे बूट दात घासायच्या ब्रशने घासत होता. न्यूझीलंडवाले बाहेरच्या मातीचा कणही आत येऊ देत नाहीत. बाबा बघत होते. मला म्हणाले, "एवढे बूट घासून कुठच्या देवळात चाललाय हा? आणि घालूनच जाणार आत?" मग तेही दुसरा बूट घेऊन घासायला बसले. मी कामावर निघून गेले. त्यानंतर घरात काय झालं ते मला ठाऊक असतं तर पुढचा तमाशा झालाच नसता.

दुसऱ्या दिवशी मी काउंटरवरच होते. दादाचा मुलगा दोघांना टर्मिनलला सोडून गेला. दादा इस्त्रीच्या शर्टात, आणि मागे बाबा बंदुकीची पेटी रुखवताचं ताट धरावं तशी धरून. मी कागद तपासले, डब्याचं वजन केलं, सगळं चोख. बंदूक उघडून बघायची ती काउंटरवर नाही, मोठ्या सामानाच्या खिडकीजवळच्या छोट्या खोलीत. तिथे सिक्युरिटीला एक पंजाबी पोरगा होता, कुकरी शिकायला आलेला. मी म्हटलं, "संभाल लेना, अपने ही लोग हैं." बाबा कौतुकाने मागोमाग गेले. लगेज तपासणी बघायचा मोह त्यांना आवरतोय थोडाच!

पुढचं मला त्या पंजाब्यानेच नंतर सांगितलं. पेटी उघडली. रायफल आपल्या जागी, बोल्ट आपल्या जागी, आणि नळीखालच्या फोममध्ये खुपसलेली एक पुडी. मराठी वर्तमानपत्राच्या कागदाची. उलगडली तर आत राखाडी पावडर.

दादा चाट. त्याने ती आयुष्यात पाहिली नव्हती. पंजाब्याची बॉस, एक उंच गोरी बाई, हातमोजे चढवून पुढे आली. बाबांच्या लक्षात आलं की आपल्या पुडीवरून काहीतरी बिनसलंय, आणि ते मदतीला धावले.

"अंकल जी, ये क्या है?"

"घबराओ मत!" बाबांची हिंदी एसटीत शिकलेली. "ये दारू नहीं है. दारू दूसरे डब्बे में है."

पोराने बॉसला भाषांतर करून सांगितलं, "ही सेज द अल्कोहोल इज इन द अदर बॉक्स."

"विथ द ॲम्युनिशन?" बाईच्या भुवया केसांत गेल्या.

बाबांना 'ॲम्युनिशन' कळलं. त्यांनी समजूतदारपणे मान हलवली. "हां हां. दारू और गोली साथ में. वो मैंने खुद देखा."

बाईने दादाकडे वळून विचारलं, "सर, हॅव यू बीन ड्रिंकिंग?" आता इथे कुणीही शहाणा माणूस 'नाही' म्हणाला असता. पण दादाचं डोकं भावाकडे, आणि तोंड सवयीने चालणारं. म्हणाला, "नॉट सिन्स ब्रेकफास्ट."

झालं! एका खोलीत बंदूक, काडतुसं, अनोळखी पावडर आणि सकाळपासून प्यालेला म्हातारा. मला बोलावणं आलं. मी काउंटर टाकून धावले तेव्हा बाई फोनवर होती, दादा पांढराफटक पडला होता, आणि बाबा त्या पंजाब्याला पुन्हा पुन्हा सांगत होते, "अरे बाबा, मैं तो पीता भी नहीं!"

"काय ठेवलंत पेटीत?" मी दारातूनच ओरडले.

"अंगारा गो! आपल्या देवीचा. आईने तुला दिलेला, त्यातला निम्मा. पारधीला निघाला की बंदुकीबरोबर ठेवतात. सांगून ठेवला तर गुण जातो, म्हणून नाही सांगितलं."

"आणि दारूचं काय बरळलात?"

"मी कशाला बरळू? दारू नाही म्हटलं मी!"

माझी ट्यूब पेटली. बाईला समजावताना मला एवढी घाई झाली की बस. "नो नो, नॉट अल्कोहोल! इन अवर लँग्वेज दारू इज ऑल्सो गनपावडर! गनपावडर!" गळा आमचा कोकणातला, एका डोंगरावरून दुसऱ्या डोंगरावर हाक मारायला घडवलेला. खोलीचं दार सताड उघडं. बाहेर रांगेतल्या दोन बायकांनी पोरं कडेवर उचलली, आणि एक गृहस्थ ट्रॉली तिथेच टाकून टॉयलेटकडे चालू लागले.

देव सगळीकडे असतो म्हणतात ते खरं असावं, कारण बाई हसली. आधी नाकातून, मग मोकळी. तिने अंगाऱ्याला स्फोटकं ओळखणाऱ्या मशीनची पट्टी लावून बघितली, मशीन गप्प राहिलं. पण नियम तो नियम. बंदुकीच्या पेटीत पावडर जाणार नाही, हँडबॅगेत ठेवली तर तिकडचे क्वारंटाइनवाले काढून घेतील, तेव्हा ती त्या पिवळ्या बिनमध्ये टाका आणि पळा, काउंटर बंद व्हायला आलाय.

"कचऱ्यात?" बाबा म्हणाले. "देवीचा अंगारा कचऱ्यात?"

"बाबा, तुम्ही घरी घेऊन जा परत. त्याचं विमान सुटेल!"

"व्हॉट इज इट, लव्ह?" दादाने विचारलं. "व्हॉट इज इट फॉर?"

मी सांगितलं. की ही आमच्या देवीची राख. शिकारीला निघालेल्या माणसाबरोबर देतात. जनावर अंगावर उलटत नाही आणि माणूस सुखरूप परत येतो. बाबा मागून म्हणाले, "त्याच्या भावासाठी पण आहे म्हणावं. दोघांना पुरेल इतका घातलाय." तेही मी सांगितलं.

दादा चर्चला फक्त लग्नाला आणि मयताला जाणारा. त्याने पुडीकडे पाहिलं, मग हाताची घडी घातली. "देन इट्स कमिंग विथ मी," म्हणाला.

मला त्याचा असा राग आला! विमान निघालंय, भाऊ तिकडे शेवटचे दिवस मोजतोय, आणि हा एका चिमूटभर राखेसाठी अडून बसलाय. मी तोंड उघडणार तेवढ्यात बाबांनी पुढे होऊन बाईच्या हातातली पुडी घेतली. अगदी सहज, प्रवाशाच्या हातातलं तिकीट घ्यावं तशी. चिमूट भरून अंगारा घेतला, दादाचं डोकं डाव्या हाताने खाली वाकवलं आणि त्याच्या कपाळावर या टोकापासून त्या टोकापर्यंत फासला. उरलेला डोक्यावरच्या विरळ केसांत चोळला. मग रिकामा कागद झटकून पिवळ्या बिनमध्ये टाकला.

"सांग तिला," बाबा मला म्हणाले, "कपाळावरचा अंगारा लगेजमध्ये धरत नाहीत."

मी सांगितलं. बाईला ह्याच्याविरुद्ध कुठलाही नियम आठवेना. तिने पेटी बंद केली, दादाने कुलूप लावलं, आणि तो म्हातारा त्या भस्म फासलेल्या कपाळाने गेटकडे असा धावला की मी त्याला मळ्यातही कधी तसं धावताना पाहिलं नव्हतं. विमान मिळालं. मला सुपरवायझरने वेगळं बोलावून 'गन' ह्या शब्दावर पुन्हा एकदा ट्रेनिंग दिलं.

आठवड्याभराने दादा परत आला. बाबांचा परतीचा प्रवास अजून व्हायचा होता. मी चहा टाकला, आणि तो स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसून सांगत गेला.

भाऊ टेकडीवर जाऊ शकला नाही. पलंगावरून उठणंही होत नव्हतं. दादाने पेटी पलंगावर उघडली आणि रायफल तशीच, बोल्टशिवाय, त्याच्या मांडीवर ठेवली. भावाने नळीवरून हात फिरवला, मग वर बघून म्हणाला, "तोंड नाही धुतलंस?" दादाने अंगाऱ्याची गोष्ट सांगितली. डुकरं उलटत नाहीत, माणूस सुखरूप जातो, सगळं. भाऊ हसला. बऱ्याच दिवसांत हसला नव्हता, असं वहिनी म्हणाली. मग म्हणाला, "मला पण दे की थोडी." दादाने अंगठा जिभेला लावला, स्वतःच्या कपाळावरचं उरलंसुरलं पुसून घेतलं आणि भावाच्या कपाळाला लावलं. भाऊ गेला तेव्हा ते तिथेच होतं, कुणी पुसू दिलं नाही. काडतुसांच्या डब्याचं कुलूप दादाने उघडलंच नव्हतं.

मी बाबांना सगळं मराठीत सांगितलं. त्यांना आधीच कळलं होतं बहुतेक. त्यांनी दादाचा हात हातात घेतला. मला रडू आवरेना, म्हणून मी उगाच स्वच्छ भांडी पुन्हा घासली.

बाबा निघाले तेव्हा दादा स्वतः गाडी चालवत त्यांना सोडायला आला. काउंटरवर मीच होते. बाबांची बॅग मीच बुक केली. त्यांनी काटा तीनदा तपासला आणि मग माझ्याकडे बघून मान हलवली. मला तेवढं पुरे होतं. मग बाबा दादाकडे वळून म्हणाले, "येतो दादा." आपल्यात जातो म्हणत नाहीत. मी म्हटलं, "ही सेज ही विल कम."

"व्हेन?" दादाने विचारलं. मी बोर्डिंग पास बाबांच्या हातात दिला.

दादाने शर्टाच्या खिशातून टिश्यू पेपरची पुडी काढली. उलगडली. आत राख. "फ्रॉम द बार्बी," म्हणाला. त्याने अंगठा त्यात बुडवला, डाव्या हाताने बाबांचं डोकं खाली वाकवलं आणि त्यांच्या कपाळावर या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढला. "सो द पिग्ज डोन्ट टर्न ऑन यू, डाडा."

बार्बी म्हणजे अंगणातली बार्बेक्यूची शेगडी. त्या राखेत सॉसेज होते, लँबचे चॉप्स होते, वर्षानुवर्षांची चरबी होती. वास काउंटरच्या पलीकडे मला येत होता. आणि त्या दिवशी गुरुवार, बाबांचा उपास. मी हळूच म्हटलं, "बाबा, अहो, ती राख कसली आहे माहितीये ना?"

"गप बस," बाबा म्हणाले. डोकं त्यांनी अजून वर उचललं नव्हतं. त्यांचे खांदे हलत होते.

बाबा घरी पोचल्यावर आईने दारातच भाकरतुकडा ओवाळला आणि कपाळाकडे बघून थबकली. तिने विचारलं, "हा कुठल्या देवाचा अंगारा?"

बाबा म्हणाले, "वेरिबीच्या."

आईने हात जोडले.